कांटा खोटा कीं इंजिन तापलें?

मनुष्याची सदसद्विवेकबुद्धि ही देवाची वाणी आहे असें आपल्यांतील पुष्कळ उपदेशक सांगतात, आणि ती चुकूं शकते असेंही तेच उपदेशक पुढल्या आठवड्यांत सांगतात. ऐकणारा साधा शेतकरी किंवा मजूर मनांत गोंधळतो. देवाची वाणी चुकत असेल तर ती देवाची कशी? आणि ती देवाची नसेल तर रात्रीं अंथरुणावर जी आपल्याला टोचते ती कोणाची? हा प्रश्न रिकाम्या पांडित्याचा नाहीं. ज्याला तो सुटला नाहीं तो एक तर प्रत्येक टोचणीला भिऊन जगतो, नाहीं तर प्रत्येक टोचणी झिडकारण्यास शिकतो. आणि दोन्ही प्रकारचे लोक आमच्या मंडळ्यांत आहेत. म्हणून या प्रश्नाचा विचार आज आम्ही अशा एका वस्तूच्या साह्यानें करूं इच्छितों, जी हिंगोली जिल्ह्यांतील गांवोगांवीं आतां सर्वांच्या परिचयाची झाली आहे.

ट्रॅक्टर चालविणाऱ्याच्या समोर, डिझेलच्या कांट्याशेजारीं, आणखी एक लहान कांटा असतो. त्याच्या एका टोंकाला थंडपणाची खूण असते व दुसऱ्या टोंकाला तांबडा पट्टा असतो. इंजिनांत डिझेल जळतें, त्याच्या आंचेनें लोखंड तापतें, आणि तें वाकूं नये म्हणून त्याच्या भोंवतीं पाणी खेळवून तें पुढें रेडिएटरांत निवविलें जातें. हें पाणी साधारणतः ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान राहिलें म्हणजे इंजिन सुखानें चालतें. पाणी १०० अंशांवर उकळतें हें शाळेंतील मुलांनाही ठाऊक आहे. परंतु रेडिएटरच्या झांकणानें आंत दाब धरून ठेविलेला असल्यामुळें तेथें तें आणखी कांहीं अंश चढून मग उकळतें. त्यापलीकडे गेलें कीं हेड वाकतें, त्याखालील गॅस्केट जातें, तेलांत पाणी मिसळतें आणि शेवटीं इंजिन जाम होतें. मग वसमतच्या काळ्या रानांत वैशाखाच्या उन्हांत लोकांचीं शेतें नांगरून जें भाडें मिळविलें, तें सर्व मिस्त्रीच्या दुकानीं जातें.

त्या कांट्याला स्वतःला कांहीं कळत नाहीं. इंजिनाच्या अंगांत, पाण्याच्या वाटेवर, एक लहान पितळी बोंडूक बसविलेलें असतें. त्याला आतां सर्वजण सेन्सर म्हणतात. पाणी जसजसें तापतें तसतसा त्यांतून विजेला जाण्यास अडथळा कमी होतो, वीज अधिक वाहते, आणि एका वायरीच्या द्वारें ही वार्ता कांट्यापर्यंत पोंचून तो तांबड्याकडे सरकतो. म्हणजे कांटा आगीला पाहत नाहीं, पाण्यालाही पाहत नाहीं; तो ऐकीव साक्ष देतो. सदसद्विवेकबुद्धीचेंही असेंच आहे, असें आमचें मत आहे. देवानें ती मनुष्यांत बसविली यांत संशय नाहीं. परंतु बसविणारा देव आहे म्हणून तिचा प्रत्येक शब्द देवाचाच आहे असें होत नाहीं. कांटा कारखानदारानें बसविला म्हणून कांटा कारखानदार होत नाहीं.

आतां एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. कांटा तांबड्याकडे सरकला कीं चालविणारा पहिलें वाक्य काय बोलतो? ‘हा कांटाच बिघडला असेल.’ तो कांचेवर बोटानें टिचकी मारतो, आणखी दोन तास उरले आहेत असें पाहतो, आणि तेवढे उरकून घेतो. उलट कांटा सबंध दिवस थंड टोंकाला निजून राहिला तर तो बिघडला असावा अशी शंका त्याच्या मनाला शिवतही नाहीं. वस्तुतः भर उन्हांत नांगर ओढणाऱ्या इंजिनाचा कांटा जागचा हलत नाहीं, हीच संशयाची गोष्ट होय. दोषी ठरविणारा साक्षीदार खोटा आणि निर्दोषी ठरविणारा साक्षीदार खरा, असा आपला न्याय आहे. वाणी-दुकानदारालाही आपण इतक्या पक्षपातानें वागवीत नाहीं. कांटा तपासण्याची इच्छा वाईट नाहीं. ती फक्त तो तांबड्यावर असतांनाच कां होते, हा प्रश्न आहे.

प्रेषित पौलाला हा भेद चांगला कळला होता. तरुणपणीं तो विश्वासणाऱ्यांना धरून बंदिशाळेंत घालीत असे, आणि पुढें अग्रिप्पा राजासमोर त्यानें स्वतःच सांगितलें कीं तें आपलें कर्तव्य आहे अशी आपली त्या वेळीं खात्री होती (प्रे. कृ. २६:९). स्तेफनाला दगडमार होत असतां त्याचा कांटा थंड होता. म्हणूनच करिंथकरांस लिहितांना तो म्हणतो कीं आपलें मन आपल्याला दोष देत नाहीं, पण एवढ्यावरून आपण निर्दोषी ठरलों असें नव्हे, न्याय करणारा प्रभु आहे (१ करिंथ. ४:४). थंड कांट्यावर संशय घेणारीं माणसें थोडीं. त्यांत पौल होता.

परंतु संशय घेऊन बसणें हा उपाय नव्हे. जाणता मिस्त्री काय करतो तें पाहा. तो एकदम नवा सेन्सर विकत आणावयास सांगत नाहीं, कांटाही उपटून टाकीत नाहीं. प्रथम तो दोष कांट्यांत, वायरींत कीं सेन्सरांत आहे तें वेगळें करतो. किल्ली फिरवून ठेवतो, इंजिन चालू करीत नाहीं, सेन्सरवरची वायर काढतो आणि तिचें टोंक क्षणभर इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावतो. बहुतेक गाड्यांत असें केल्यावर कांटा तत्काळ तांबड्याच्या टोंकास गेला पाहिजे. तो गेला, तर कांटा जिवंत आहे, वायरही धड आहे. बिघाड खालीं, जेथें पाण्याची गांठ पडावयाची तेथें आहे. न गेला, तर वायर कोठें तरी तुटली आहे, किंवा कांटाच मेला आहे.

हें वाचतांना आमच्या मनांत नाथान संदेष्ट्याची गोष्ट आल्यावांचून राहिली नाहीं (२ शमुवेल १२). दाविदानें उरीयाची बायको घेतली होती, उरीयाला लढाईच्या तोंडीं देऊन मारविलें होतें, त्या स्त्रीला मूल झालें होतें. इतके दिवस लोटले तरी राजाचा कांटा हलला नव्हता. दरबारांतील कोणीही म्हणाला असता, या मनुष्याची सदसद्विवेकबुद्धि मेली आहे. नाथान तसें म्हणाला नाहीं. त्यानें एक श्रीमंत, एक गरीब आणि गरिबाची एकुलती एक मेंढी यांची हकीकत सांगितली. राजा एकदम संतापला. अशा मनुष्याला मरणदंड झाला पाहिजे, मेंढीची चौपट भरपाई झाली पाहिजे, असा निवाडा त्यानें दिला. कांटा उडी मारून तांबड्यावर गेला! म्हणजे कांटा धड होता, वायर धड होती, मोशेच्या नियमशास्त्रांतील चौपटीचा आंकडासुद्धां राजाला पाठ होता. फक्त त्याच्या स्वतःच्या इंजिनाशीं त्याची जोडणी तुटली होती. तें कळल्यावर नाथानानें ती जोडणी एकाच वाक्यांत जोडून दिली.

आमच्या उपदेशक बंधूंनीं ही रीत ध्यानांत ठेवावी. गांवांतील एखाद्या दारुड्याविषयीं, किंवा भावाचें शेत कागदोपत्रीं आपल्या नांवें करून घेणाऱ्या सभासदाविषयीं, ‘त्याला मनच नाहीं’ असें म्हणण्यापूर्वीं त्याच्यापुढें दुसऱ्याच गांवची तशीच हकीकत ठेवून पाहावी. तो तिचा निवाडा कसा करतो? ‘तो मनुष्य हरामखोर आहे’ असें तो रागानें म्हणाला, तर आनंद माना. तुमचें निम्में काम झालें आहे. जो दुसऱ्याचें पाप ऐकूनही नुसता हसतो त्याचें प्रकरण मात्र अधिक कठीण आहे.

कारण असेंही होतें कीं कांटा चालतो, वायरही चालते, पण कांट्यामागील खुणाच चुकीच्या जागीं रंगविलेल्या असतात. अलीकडच्या पुष्कळ मोटारगाड्यांविषयीं जाणकार सांगतात कीं त्यांचा कांटा मुद्दाम असा बनविलेला असतो कीं पाण्याची उष्णता बऱ्याच अंशांनीं खालींवर झाली तरी तो बरोबर मध्यभागींच उभा राहावा. मालकाला उगाच चिंता वाटूं नये, त्यानें दर आठवड्याला गाडी घेऊन दुकानीं येऊं नये, हा हेतु. चिंता मिटते हें खरें. पण कांटा मध्य सोडून हलतो तेव्हां सावध होण्यास फारच थोडा अवकाश उरतो. शांति नसतांना शांति आहे असें सांगणाऱ्या संदेष्ट्यांवर यिर्मयानें जो ठपका ठेविला (यिर्मया ६:१४) तो आम्हांला येथें आठवतो.

जॉन न्यूटन याचें उदाहरण या बाबतींत फार शिकण्यासारखें आहे. ईश्वरी कृपेवरील त्याचें गीत आज जगभर गाइलें जातें. १७४८ सालीं समुद्रांत तुफानांत सांपडून तो देवाकडे वळला. त्यानंतर १७५० पासून १७५४ पर्यंत तो आफ्रिकेंतून गुलाम भरून नेणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. खालीं माणसें सांखळ्यांत, आणि वर तो खलाशांना जमवून रविवारची उपासना चालवी, पवित्र शास्त्र वाची. तो दांभिक होता काय? नव्हता. त्या काळीं या धंद्याच्या योग्यतेविषयीं आपल्या मनांत शंकासुद्धां आली नाहीं असें त्यानें पुढें स्वतःच लिहून ठेविलें आहे. त्यानें धंदा सोडला तोही मनाच्या टोचणीनें नव्हे. दुखणें आलें म्हणून. त्याच्या देशांत बंदरेंच्या बंदरें या व्यापारावर जगत होतीं, सभ्य लोक त्यांत पैसे घालीत होते, आणि त्या समाजानें त्याच्या कांट्यामागें ज्या खुणा रंगवून दिल्या होत्या त्यांत सांखळदंडाला तांबडा रंगच नव्हता. तीसांहून अधिक वर्षांनीं, १७८८ सालीं, त्यानें या व्यापाराविरुद्ध पुस्तक लिहून स्वतःला जाहीरपणें दोषी म्हटलें. इंग्लंडच्या पार्लमेंटनें तो व्यापार बंद केला १८०७ सालीं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूटन वारला.

न्यूटनाला नांवें ठेवणें सोपें आहे. आपल्या कांट्यामागें काय रंगविलें आहे तें पाहणें कठीण. प्रभुभोजनाला आपण एका मेजाभोंवतीं येतों, आणि मुलीची सोयरीक जुळवूं लागलों कीं बाप्तिस्म्यापूर्वींची आजोबांची जात हळूंच विचारतों; त्या वेळीं कितीजणांचा कांटा हलतो? गडीमाणसांना बसावयास वेगळें पोतें आणि वेगळा पेला ठेवणाऱ्या हिंदु शेजाऱ्याला आपण तत्काळ नांवें ठेवतों. नाथानाची कसोटी आपल्यावर चालते ती येथवरच.

याहूनही भयंकर असा एक बिघाड आहे, आणि गाड्यांच्या बाबतींत त्याची माहिती फार थोड्यांना असते. रबरी नळी फुटून किंवा रेडिएटर गळून पाणी अगदींच निघून गेलें तर काय होतें? इंजिन भट्टीसारखें तापत जातें, आणि कांटा खालीं येतो! सेन्सर पाण्यांत बुडलेला असावा या हिशेबानें बनविलेला असतो. पाणी गेलें कीं तो वाफेंत किंवा मोकळ्या हवेंत लोंबकळत राहतो, आणि लोखंडाची खरी आंच त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं. मघांपर्यंत तांबड्याजवळ असलेला कांटा एकाएकीं उतरला म्हणून चालविणारा सुटकेचा श्वास टाकतो, आणि त्याच वेळीं हेड वाकत असतें.

उपासनेला येणें सोडलेल्या, घरची प्रार्थना सोडलेल्या, भावाशीं बोलणें टाकलेल्या मनुष्याला पहिले कांहीं महिने फार टोंचतें. मग एके दिवशीं टोंचणें थांबतें. ‘आतां मला शांति आहे’ असें तो पाळकसाहेबांना सांगतो, आणि तो खोटें बोलत नसतो. त्याला खरोखरच तसें वाटत असतें. तीमथ्याला लिहितांना पौल ज्यांच्या मनाला डाग दिलेला आहे अशा लोकांविषयीं बोलतो (१ तीमथ्य ४:२), ते हेच होत. अशा वेळीं कांट्याशीं वाद घालून उपयोग नाहीं. ‘तुझें मन तुला काय सांगतें?’ हा प्रश्नच त्याला विचारूं नये. त्याचें मन त्याला उत्तमच सांगत आहे. पाणी किती उरलें आहे तें पाहावें. शास्त्र शेवटचें कधीं उघडलें, कोणाच्या दुखण्याला शेवटचें कधीं गेला, कोणाची क्षमा मागून किती वर्षें झालीं, हें विचारावें. पण एक सावधगिरी ठेवावी: तापलेल्या रेडिएटरचें झांकण जो घाईनें उघडतो त्याचें तोंड भाजतें. चारचौघांत, पंचायतीसमोर, दुखावलेल्या मनुष्याचें झांकण उघडणारे उत्साही पंच आम्हांला ठाऊक आहेत. थोडें निवूं द्यावें, मग फडकें धरून सावकाश उघडावें.

आतां दुसऱ्या बाजूचा विचार करूं. सेन्सरकडून येणारी वायर कोठें तरी घासून उघडी पडली आणि इंजिनाच्या लोखंडाला टेंकली, तर पाणी कितीही थंड असो, कांटा तांबड्यालाच चिकटून राहतो. अशीं माणसेंही आपल्यांत आहेत, आणि त्यांत बायका अधिक. लेकरूं तापानें फणफणलें तर ‘मागल्या रविवारीं मी उपासनेला गेलें नाहीं म्हणून’ असें तिला वाटतें. गर्भ राहिला नाहीं, बैल मेला, पाऊस गेला, सर्वांचें कारण आपलें कोणतें तरी पाप असें तिचें मन तिला रात्रंदिवस सांगत असतें. जन्मांधाविषयीं शिष्यांनीं हाच प्रश्न विचारला तेव्हां प्रभूनें काय उत्तर दिलें तें योहानाच्या नवव्या अध्यायांत आहे. तें उत्तर अशा भगिनीला पुन्हां पुन्हां वाचून दाखवावें. परंतु तेवढ्यानें भागत नाहीं. वायर कोठें घासली तें शोधावें लागतें. आमच्या पाहण्यांत असें आलें आहे कीं पुष्कळदां ती जुन्याच जागीं घासलेली असते. देवीचा कोप, मरीआईचा फेरा, नवस फेडला नाहीं म्हणून झालेली शिक्षा, या भीतीनें आजीच्या काळापासून जी वाट पाडली, तिच्यावरच आपण येशूचें नांव लिहिलें आणि बाप्तिस्मा झाला असें समजलों. कधीं कधीं ती एखाद्या उपदेशकाच्या कठोर शब्दानें घासलेली असते. ‘विश्वास कमी पडला म्हणून मूल गेलें’ असें मातेला सांगणारा मनुष्य कितीही प्रार्थनाशील असो, त्यानें तें वाक्य परत घेतलें पाहिजे, आणि ज्या घरांत तें उच्चारलें त्याच घरीं जाऊन घेतलें पाहिजे.

येथें एक नाजूक प्रश्न उत्पन्न होतो. कांटा खोटाच तांबडा दाखवीत आहे असें उपदेशकाला वाटलें, तर ‘चालव पुढें, कांहीं होत नाहीं’ असें त्यानें सांगावें काय? आमच्या भागांतीलच उदाहरण घेऊं. हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. एखाद्या नव्या विश्वासणाऱ्याला वाटतें कीं लग्नांत मुलीला हळद लावणें हा मूर्तिपूजेचा भाग आहे, आणि लावली तर आपण देवाचे अपराधी होऊं. दुसरे म्हणतात, हळद ही जमिनींत पिकणारी वस्तु आहे, ती लावल्यानें कोणी मूर्तिपूजक होत नाहीं. आम्हांलाही तसेंच वाटतें. तरीसुद्धां त्या मनुष्याच्या हातीं बळेंच हळदीची वाटी देणें हें पाप होय. शंका बाळगून खाणाऱ्याविषयीं पौलानें रोमकरांस जें लिहिलें (रोम. १४:२३) त्याचा अर्थ हाच. कांटा तांबड्यावर असतांना, तो खोटा आहे असें सिद्ध होईपर्यंत, गाडी थांबविलीच पाहिजे. जो मनुष्य ‘खोटाच असेल’ म्हणून आज चालवितो, तो उद्यां खरा असतांनाही चालवील. त्याचा हात तसा वळला. तेराव्या शतकांत थोमा अक्विनास नांवाच्या पंडितानें हेंच सांगितलें: चुकलेली सदसद्विवेकबुद्धिही मनुष्याला बांधते; मात्र तिचें ऐकलें एवढ्यानें तो सर्वथा निर्दोषी होतोच असें नाहीं. तो रोमन मंडळीचा होता म्हणून त्याचें खरें बोलणें टाकून देण्याचें कारण नाहीं.

जर्मनीचा तत्त्वज्ञ कान्ट यानें १७९७ सालीं याच्या उलट लिहिलें कीं चुकणारी सदसद्विवेकबुद्धि ही गोष्टच संभवत नाहीं. त्याचा आशय इतकाच होता कीं मी कांट्याकडे पाहिलें कीं नाहीं याविषयीं माझी चूक होऊं शकत नाहीं. कांट्यानें दाखविलें तें बरोबर कीं चूक हा वेगळा प्रश्न. हें खरें असेल. पण हेड वाकलेल्या शेतकऱ्याला ‘तूं पाहिलें होतेंस’ एवढ्यानें काय समाधान मिळणार?

आणि हळदीचीच गोष्ट चालली आहे तर आणखी एक सांगतों. ज्याला मुलीच्या अंगाला चिमूटभर हळद लावतांना इतकें टोंचतें, त्याला पोत्यांत तळाशीं ओली हळकुंडें आणि वर चांगलीं, असें भरतांना टोंचतें काय? नीट वाळलेलें हळकुंड मोडतांना खणखणीत आवाज करतें. ओलें नुसतें वाकतें, आणि वजनाला मात्र अधिक भरतें. हें विकणाऱ्यालाही ठाऊक असतें. घेणाऱ्याच्या कांट्यांतही खोट असूं शकते, पोत्यामागें कडताही कापला जातो, त्या कांट्याविषयीं नीतिसूत्रकारानें जें म्हटलें आहे (नीति. ११:१) तें आपण बाजारांत मोठ्यानें बोलतों. एकाच मनुष्यांत एका गोष्टीला कांटा उसळावा आणि दुसरीला मुळींच हलूं नये, हें पाहिलें म्हणजे आम्हांला वाटतें कीं त्याच्याशीं हळदीच्या वाटीविषयीं वाद घालण्याऐवजीं त्याच्या खळ्यावर जाऊन बसावें.

मग कांट्याची परीक्षा करावयाची ती कशानें? एका कांट्याची परीक्षा त्याच कांट्यानें होत नाहीं. मिस्त्री सेन्सर काढून तापविलेल्या पाण्याच्या भांड्यांत बुडवितो, शेजारीं दुसरा खात्रीचा थर्मामीटर धरतो, आणि दोहोंचा मेळ बसतो कीं नाहीं तें मीटरवर पाहतो. (२०२० सालच्या साथींत दारोदारीं कपाळाला लावीत तें यंत्र येथें चालत नाहीं, तें मनुष्याच्या तापापुरतें बनविलेलें असतें. मिस्त्रीचें निराळें असतें.)

योगायोगाची गोष्ट अशी कीं जगांतील अतिसूक्ष्म मोजमाप करणाऱ्या यंत्रांपैकीं एक उभारण्यासाठीं आमच्याच जिल्ह्याची निवड झाली. औंढा नागनाथाजवळ दुधाळा येथें चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा बांधण्यास केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें मान्यता दिली. आकाशांत फार दूर दोन प्रचंड कृष्णविवरें एकमेकांवर आदळलीं असतां जो कंप उठतो, तो येथें पोंचेपर्यंत अणूच्या गर्भाहूनही कित्येक पटींनीं सूक्ष्म होतो, तेवढा मोजावयाचा! रस्त्यानें ट्रक गेला तरी यंत्र थरथरणार, दूर भूकंप झाला तरी थरथरणार. मग खरें कोणतें आणि खोटें कोणतें? अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं यासाठीं एकमेकांपासून सुमारें तीन हजार किलोमीटर दूर अशीं दोन यंत्रें बांधलीं, आणि दोहोंनीं एकच साक्ष दिल्यावांचून ती मानावयाची नाहीं असें ठरविलें. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं दोघांनीं तशी साक्ष दिली. दोन किंवा तीन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी हा मोशेचा नियम (अनुवाद १९:१५) त्यांनीं वाचला होता कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं, पण पाळला खरा.

त्याच मंडळींनीं त्यापूर्वीं, २०१० सालीं, केलेली गोष्ट आम्हांला अधिक आवडते. त्यांच्यांतील कांहीं थोड्या जणांनीं इतरांना न कळवितां यंत्रांत जाणूनबुजून एक बनावट खूण घातली. यंत्र ती ओळखतें कीं नाहीं, आणि ओळखणारे लोक घाई करतात कीं नीट तपासतात, हें पाहावयाचें होतें. अशी परीक्षा कधीं तरी होईल हें सर्वांनीं आधींच मान्य केलें होतें. कधीं, तें माहीत नव्हतें. शेंकडों विद्वानांनीं कित्येक महिने खपून त्या खुणेवर निबंध लिहून तयार केला, आणि मार्च २०११ मध्यें सर्वांना एकत्र बसवून ती बनावट होती असें सांगण्यांत आलें. कोणी रागावून निघून गेला नाहीं. आपली परीक्षा दुसऱ्यानें घ्यावी, न सांगतां घ्यावी, आणि त्यासाठीं आपणच आधीं संमति द्यावी, अशी व्यवस्था किती मंडळ्यांत आहे? आपल्याकडे पाळकाची परीक्षा मंडळी पाठीमागें घेते, आणि मंडळीची परीक्षा पाळक व्यासपीठावरून घेतो. समोरासमोर बसून घेणारें कोणी नसतें. निदान प्रत्येक उपदेशकानें शेजारच्या गांवचा एक बंधु असा निवडून ठेवावा कीं ज्यानें महिन्यांतून एकदां येऊन त्याला पैशाविषयीं, जिभेविषयीं आणि घरांतील वागणुकीविषयीं स्पष्ट विचारावें. बायकोला विचारलें तर आणखी उत्तम. पण ती खरें बोलेल इतकी मोकळीक तिला आपण आजवर दिली आहे काय, तें प्रत्येकानें आपल्याशीं पाहावें.

कांटा दुरुस्त होईपर्यंत काम तर थांबत नाहीं. नांगरटीचे दिवस कोणासाठीं खोळंबून राहत नाहींत. अशा वेळीं जुने चालविणारे काय करीत? सकाळीं इंजिन थंड असतांनाच झांकण काढून पाणी आपल्या डोळ्यांनीं पाहत. पंख्याचा पट्टा बोटानें दाबून पाहत. रेडिएटरच्या जाळींत धसकटें आणि भुसा अडकला असेल तो ब्रशानें झाडीत. चालवितांना वाफेचा वास, इंजिनाचा बदललेला आवाज आणि ओढ कमी झालेली, याकडे कान-नाक ठेवीत. आणि शेताच्या टोंकाला झाड आलें कीं कांटा काय म्हणतो याची वाट न पाहतां थोडा वेळ थांबत.